हवा, पाणी, तेल

"बाबांकडे जरा लक्ष दे गं," नणंद निघताना दारात चपला घालत म्हणाली होती. "परवा एकाच सकाळी त्यांनी दोनदा दाढी केली."

तिने मान डोलावली, नणंदेच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर दार लावून घेतलं. चार दिवस राहायला आलेल्या लेकीला बापाचं सगळंच ठळक दिसतं, असं तिला वाटलं. हिच्या घरचे पुरुष आठवड्यातून एकदा दाढी करतात, म्हणून हिला दोनदा म्हणजे दुखणंच वाटलं असणार. हाच टोला तिने संध्याकाळी नवऱ्यालाही ऐकवला आणि दोघं पोट धरून हसले. हसण्यावारी नेलेली गोष्ट मग हसण्यावारीच गेली.

तसं सासऱ्यांच्या बाबतीत काळजी करण्यासारखं वरवर काही नव्हतंच. सासूबाई गेल्यावर ते आपलं बिऱ्हाड आवरून मुलाकडे राहायला आले, त्याला सहा महिने झाले होते. पस्तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, आंघोळ उरकून, हातात लाकडी दांडकं घेऊन ते खाली अंगणात जात. मुलाच्या ट्रकचा एकेक टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखत, मग पाणी बघत, मग तेल. वर आले की चहाच्या कपाला हात लावण्याआधी सांगत, "हवा, पाणी, तेल. चोख." देवासमोर दिवा लावल्यासारखं ते रोजचंच झालं होतं, आणि रोजचं झालेलं कुणी कान देऊन ऐकत नाही.

ट्रक तीन महिन्यांपूर्वी घेतलेला. दुसऱ्याने वापरलेला, लांब नाकाचा, आणि ऑटोमॅटिक. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "क्लच नाही? मग डाव्या पायाने काय करायचं, ताल धरायचा?" नवरा काचेच्या कारखान्यातून तावदानं उचलून बांधकामांवर पोचवायचा. मागे लाकडी चौकटींच्या घोड्यांवर काचा उभ्या बांधलेल्या, आणि पुढे त्याच्या शेजारी, पट्टा लावून, त्यांची चार वर्षांची मुलगी. तिला सगळे खारू म्हणत, कारण ती गालात घास धरून तासभर बसू शकायची. खारूची बालवाडी मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होती. सकाळी बापाच्या ट्रकमधून जायचं आणि दुपारी आजोबांचं बोट धरून पादचारी पुलावरून परत यायचं, असा शिरस्ता होता.

काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा खारूनेच सांगितलं. एका संध्याकाळी ती जेवता जेवता म्हणाली, "आई, आमच्या ट्रकला आता खेळता येतं. बाबा दांडा ओढतो, मग आम्ही मोजतो. एक, दोन, तीन, धप्प."

आईचा घास हातातच राहिला. नवरा ताटात बघत म्हणाला की गिअर पडायला जरा वेळ लागतो, जुनी गाडी आहे, सकाळी गार असते, चालायचंच.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः ट्रकमध्ये बसली. नवऱ्याने गिअरचा दांडा पार्किंगमधून पुढच्या गिअरला आणला. काहीच झालं नाही. इंजिन गुरगुरत होतं आणि ट्रक ठोंब्यासारखा जागच्या जागी. खारू आनंदाने मोजत होती. तीनला खालून कुणीतरी लाथ मारावी तसा धक्का बसला आणि मागे काचा किणकिणल्या. हे अंगणात ठीक होतं. पण त्यांची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळायची तिथे छोटा चढ होता, सिग्नल नव्हता, आणि दोन्ही बाजूंनी बस आणि डंपर सुसाट यायचे. नवऱ्याने मोकळी जागा बघून पाय दाबला. इंजिन किंचाळलं, ट्रक अर्धा रस्त्यात जाऊन रेंगाळला आणि उजवीकडून येणारी बस हॉर्न दाबत मोठी मोठी होत गेली. "एक, दोन," खारूने सुरू केलं. मग ट्रकने उडी मारली आणि ते पलीकडे पोचले. नवऱ्याने ट्रक कडेला घेतला. त्याच्या मानेवर घाम होता.

"खारू उद्यापासून माझ्याबरोबर पुलावरून जाईल," ती म्हणाली.

"आणि मी? मी कशावरून जाऊ?" तो म्हणाला. त्याचंही खरं होतं. ट्रकला पुलावरून जाता येत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज होतं. तिथल्या मेकॅनिकला अख्खी गल्ली मामा म्हणायची. साठीचा, बुटका, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. कमी बोलायचा आणि बोलला की समोरच्याला आपण काहीतरी मूर्खासारखं विचारलं असं वाटायचं. त्या दिवशी दुपारी नवरा काम संपवून थेट त्यालाच अंगणात घेऊन आला. सासरे खुर्ची टाकून बसले. तीही ओट्यावर उभी राहिली, हाताची घडी घालून.

मामाने इंजिन बंद करू दिलं नाही. गाडी सपाट जागेवर उभी करायला लावली, नवऱ्याला ब्रेकवर पाय ठेवून दांडा एकेका खाचेतून हळूहळू फिरवायला सांगितलं आणि शेवटी परत पार्किंगला. मग बॉनेट उघडून लाल मुठीची लांब पट्टी ओढली, पांढऱ्या फडक्याने पुसली, खोल खुपसली, परत ओढली. पट्टीवर दोन रेघा होत्या. तेल खालच्या रेघेच्याही बरंच खाली होतं. त्याने फडकं तिच्यासमोर धरलं. डाग लालचुटुक होता, डाळिंबाच्या रसासारखा.

"जळलेलं असतं तर काळपट दिसलं असतं, करपलेला वास आला असता. हे बघा, स्वच्छ आहे. आजार नाही. उपासमार आहे," तो म्हणाला आणि नरसाळं लावून हळूहळू लाल तेल ओतू लागला. भरता भरता त्याने नवऱ्याला आणि सासऱ्यांना बजावलं की ही गिअरची पट्टी इंजिनाच्या पट्टीसारखी बघायची नाही. इंजिनाचं तेल गाडी बंद आणि गार असताना बघतात. हे मात्र गाडी तापलेली आणि इंजिन चालू असताना. सासऱ्यांनी अगदी शिष्यासारखं म्हणून दाखवलं, "गाडी गरम, इंजिन चालू." मामा म्हणाला, "पाठ झालं बघा बाबांना."

त्या दिवसापासून ट्रक लोण्यासारखा चालला. खारू परत बापाशेजारी बसू लागली, पण रुसली. मोजायला काही उरलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी ती उड्या मारत घरी आली. "आज चारपर्यंत गेलो," ती म्हणाली.

मामा परत आला, परत तीच तपासणी, परत तेल खालच्या रेघेखाली. त्याने ट्रकखाली आडवं होऊन टॉर्च मारली, हात फिरवला, हात कोरडा. कुठे गळत नाही, असं सांगून त्याने परत भरलं. चार दिवसांनी परत तेच. या वेळी मात्र तो उठून उभा राहिला, चष्मा पुसत राहिला आणि म्हणाला की असंच चाललं तर गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल.

आणि इथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

गळत नाही तर जातं कुठे? तेल काही कापूर नाही उडून जायला. भरतो कोण, मामा. मोजतो कोण, मामा. कमी झालं सांगतो कोण, मामाच. कुंपण, शेत आणि राखणदार सगळा एकच माणूस. ती नवऱ्याला म्हणाली, "गल्ली त्याला मामा म्हणते, पण मामा तो आपल्याला बनवतोय."

नवऱ्याने तिला समजावलं की मामाने या गल्लीत कुणाला कधी फसवलेलं नाही. ती म्हणाली की फसवणूक कळली नाही याचा अर्थ फसवलं नाही असा होत नाही. ती विज्ञानाची पदवीधर होती. कॉलेजात तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती, मोजमाप दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. खारू झाल्यापासून ती शिकवण जरा जास्तच अंगात मुरली होती. दुधाचं तापमान ती मनगटावर बघायची आणि मग थर्मामीटरनेही. बालवाडीच्या खिडक्यांचे गज तिने स्वतः हलवून पाहिले होते. नवरा म्हणायचा, तुला आरशातसुद्धा कुणीतरी लपलंय असं वाटतं.

तिने वही केली. रविवारी दुपारी नवऱ्याला ट्रक अर्धा तास फिरवून आणायला लावला, ब्रेकवर पाय ठेवायला लावला आणि दांडा फिरवून झाल्यावर स्वतः पट्टी ओढली. पुसली, खुपसली, ओढली. तेल दोन रेघांच्या बरोबर मध्ये. तिने वहीत पट्टीचं चित्र काढलं आणि त्यावर रेघ मारली. मग टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा सपाट करून ट्रकखाली सरकवला. रेडिएटरचं झाकण गाडी गार झाल्यावर उघडून आतल्या पाण्यात लालसर तवंग आहे का तेही पाहिलं, कारण तेल तिथेही झिरपू शकतं असं तिने वाचलं होतं. पाणी स्वच्छ होतं.

मंगळवारी संध्याकाळी तिने परत मोजलं. पुठ्ठा कोरडा खडखडीत. तेल खालच्या रेघेखाली दोन बोटं.

म्हणजे मापात खोट नव्हती. तेल खरोखरच जात होतं. तिचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मापात फसवणूक नाही म्हणजे कुणीतरी हाताने काढतंय. आणि गिअरबॉक्स उघडायची वेळ यावी असं कुणाला वाटत असेल? बॉनेटची कडी बाहेरूनच उघडायची. अंगणाचं फाटक पहाटे सासरे खाली गेले की उघडंच असायचं. गल्लीच्या तोंडाशीच गॅरेज.

जिन्यात सासरे भेटले तेव्हा तिने सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, गिअरचं ते लाल तेल तुम्ही कधी काढलंत का?"

ते थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं. "मी कशाला काढू गं? एवढ्या वर्षांत कुणाच्या गाडीतलं थेंबभर तेल नाही काढलं. आपल्या पोराच्या काढेन?"

तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने विषय बदलून त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली.

बुधवारी मामाकडून तेल भरून घेतल्यावर तिने शेवटचा उपाय केला. खारूच्या खेळण्यातली जांभळी नेलपॉलिशची बाटली घेतली आणि लाल मुठीची पट्टी जिथे नळीत बसते तिथे, मूठ आणि नळी दोन्हींवरून, एक बारीक रेघ ओढली. पट्टी कुणी ओढली तर रेघ तुटणार. कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

गुरुवारी पहाटे ती गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली आणि कठड्याशीच थांबली. मामा अंगणात होता. ट्रकच्या पुढे उभा, एक हात बॉनेटवर. सासरे त्याच्याशी काहीतरी बोलत होते, मग हात पुसत जिन्याकडे वळले. मामा फाटकातून बाहेर गेला. ती धावत खाली उतरली. जिन्यात बाजूला सरकून सासरे नेहमीसारखे म्हणाले, "हवा, पाणी, तेल. चोख." तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि बॉनेट उघडलं.

जांभळी रेघ मधोमध तुटलेली होती.

त्या सकाळी तिने नवऱ्याला ट्रक हलवू दिला नाही. खारूला पुलावरून बालवाडीत सोडलं, घरी येऊन वही पुन्हा पुन्हा तपासली आणि दुपारच्या तोंडावर सरळ गॅरेजमध्ये शिरली. मामा एका चाकाशी उकिडवा बसला होता. तिने पाठ केल्यासारखं सगळं बोलून टाकलं. वही, पुठ्ठा, रेडिएटरचं पाणी, जांभळी रेघ, पहाटेचा बॉनेटवरचा हात. माझी मुलगी त्या ट्रकमध्ये बसते, असं ती शेवटी म्हणाली.

मामा उठला. हात पुसायला त्याने बराच वेळ घेतला.

"मी जॅक परत द्यायला आलो होतो. तुमच्या यजमानांनी परवा दिलेला," तो म्हणाला. "बॉनेटवर हात ठेवला, कारण ते गार आहे का बघत होतो. बाबांच्या हाताला लाल तेल लागलेलं होतं म्हणून."

"लाल तेल? बाबांच्या हाताला?" तिने विचारलं.

"वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात. मला चोर ठरवायच्या आधी एक गणित करा. इंजिन चालू असतं तेव्हा हे तेल गिअरबॉक्समध्ये अंगभर फिरत असतं. इंजिन बंद केलं की वरचं सगळं खाली तळाला येतं. त्या वेळी पट्टी ओढली तर तेल कुठे दिसेल?"

"वर," ती म्हणाली. "रेघेच्या वर."

"चांगलं वीतभर वर. आणि आयुष्यभर इंजिनाचीच पट्टी बघितलेल्या माणसाला काय वाटेल? की कुणीतरी जास्त ओतून ठेवलंय. जास्त तेल वाईट, हे कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला माहीत असतं. तो काय करेल? जादाचं काढून टाकेल. पार रेघेपर्यंत. मग गाडी सुरू झाली की उपाशी."

तिने मान हलवली. बाबांना तुम्हीच समजावलं होतं, ती म्हणाली. माझ्यासमोर. त्यांनी म्हणूनही दाखवलं. आणि मी विचारलं तेव्हा ते नाही म्हणाले. माझे सासरे खोटं बोलत नाहीत.

"मीही आज पहाटे विचारलं. मलाही नाहीच म्हणाले," मामा म्हणाला. "आणि मलाही ते खोटं वाटलं नाही. तेच तर कोडं आहे."

ती घरी आली तेव्हा सासरे खारूला आणायला निघून गेले होते. नवरा फोनवर कारखान्यातल्या माणसाची समजूत घालत होता. ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. याआधी कधी ती त्यांच्या गैरहजेरीत त्या खोलीत गेली नव्हती. पलंग नीट आवरलेला, उशीजवळ चष्म्याचं घर, खिडकीत दाढीचं सामान. ब्रश ओला होता. तिने कपाट उघडलं नाही, धीर झाला नाही. पलंगाखाली वाकून पाहिलं. सासूबाईंची पत्र्याची ट्रंक होती. झाकण नुसतं टेकलेलं.

आत वर्तमानपत्रावर एक मोठी सिरिंज होती, पुढे लांब नळी लावलेली. तिने ती लगेच ओळखली. सासूबाईंना शेवटचे तीन महिने नाकातल्या नळीतून भरवावं लागायचं, आणि ते सगळं सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं, थेंबही न सांडता. सिरिंज धुऊन ठेवलेली होती, तरी दट्ट्याच्या कडेला लाल रेघ राहिली होती. शेजारी पाण्याच्या जुन्या बाटल्या ओळीने, लाल तेलाने भरलेल्या. सहा. प्रत्येकीवर कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीचा तुकडा चिकटवलेला आणि त्यावर सासऱ्यांचं वळणदार अक्षर.

पहिलीवर सहा आठवड्यांपूर्वीची तारीख होती. खाली लिहिलं होतं: "गिअरचं तेल रेघेच्या वर. पहिल्यांदाच दिसलं. जादा काढून ठेवलं. फेकू नये. पोराला सांगणे."

तिने दुसरी बाटली उजेडात धरली. तारीख वेगळी. "गिअरचं तेल रेघेच्या वर. पहिल्यांदाच दिसलं. जादा काढून ठेवलं. फेकू नये. पोराला सांगणे."

तिसरी. चौथी. पाचवी. शब्दाला शब्द तोच. सहावीवर आजची तारीख होती, शाई अजून गडद. पहिल्यांदाच दिसलं.

दर वेळी पहिल्यांदाच. ते खोटं बोलत नव्हते. मागच्या पाचही बाटल्या याच ट्रंकेत होत्या, सहावी ठेवताना त्यांना दिसल्याही असतील, आणि तरीही त्यांनी मन लावून लिहिलं होतं, पहिल्यांदाच. तिला दारातली नणंद आठवली, चपला घालणारी. आणि खिडकीतला ओला ब्रश. पहाटेच्या दाढीचा ब्रश एवढ्या उशिरापर्यंत ओला राहत नाही.

मग तिला आठवलं की आत्ता या क्षणी तिची मुलगी कुणाचं बोट धरून येते आहे.

नवरा काय झालं विचारेपर्यंत ती जिना उतरून गेली होती. पायात चपला दोन वेगळ्या. पूल दिसू लागला तशी ती पळायलाच लागली. माणसं वळून बघत होती. पुलाच्या पायऱ्यांशी ते दोघं तिला दिसले. खारू पुढे, सासरे अर्धं पाऊल मागे, तिच्या पाण्याची बाटली गळ्यात अडकवून. दोघंही धडधाकट. सासरे हसून म्हणाले, "अगं, तू कशाला धावत आलीस? मी आहे ना."

तिने खारूला उचललं. मुलीचा गाल तिच्या गालाला लागला, घामेजलेला, त्यात बिस्किट धरलेलं. "काय करत होता तुम्ही?" तिने विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

"खेळत होतो," खारू म्हणाली. "आजोबा पुलावर आले की विचारतात, आपलं घर कुठल्या बाजूला? मग मी दाखवते. रोज मीच जिंकते."

सासरे हसले नाहीत. ते पुलाच्या कठड्याकडे बघत होते, खाली मोठ्या रस्त्यावर बस आणि डंपर सुसाट चालले होते. तिने पाहिलं की त्यांच्या हनुवटीखाली कापल्याची ताजी खूण होती, दुसऱ्या दाढीची, आणि तिथे त्यांनी कागदाचा कपटा चिकटवला होता. तिने त्यांच्या गळ्यातली बाटली काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच. हाताला लाल तेलाचा वास होता.

संध्याकाळी नवऱ्याने सगळ्या बाटल्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि एकेक चिठ्ठी वाचली. सहावीपर्यंत तो पोचू शकला नाही. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "बाबांना हे मला सांगायचं होतं. दर वेळी सांगायचं होतं." मग तो उठून मोरीत तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

मामाने ट्रकचं तेल परत रेघेपर्यंत आणलं आणि लाल मुठीची पट्टी तारेने बांधून शिशाचं सील ठोकलं. ती माफी मागायला गेली तेव्हा तो म्हणाला की मामा म्हटलं की बनवलं जाणं आलंच, मनावर घेऊ नका. पुढच्या आठवड्यात स्मृतिभ्रंशाच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. तिने नणंदेला फोन केला. नणंद "मी सांगितलं होतं" असं म्हणेल, म्हणून ती तयारीत होती. नणंद तसं म्हणाली नाही. नुसतं विचारलं, "मी येऊ का?" आणि हिने "ये ना, ताई" म्हटलं.

आता पहाटे तीही अंगणात उतरते. सासरे दांडक्याने टायर ठोकतात आणि ती कान देऊन ऐकते, कारण ठोकण्यात ते अजून एकदाही चुकलेले नाहीत. पाणी दोघं मिळून बघतात. लाल मुठीशी आले की ते थांबतात, शिशाकडे बघतात आणि विचारतात, "हे कुणी लावलं?" ती सांगते. दुसऱ्या दिवशी परत सांगते, पहिल्यांदाच सांगितल्यासारखं. दुपारी खारूला आणायला ती सोबत जाते, पण पुलावर दोन पावलं मागे राहते, म्हणजे खेळ मोडायला नको.

आणि ट्रकबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगते, तेच हे वाचणाऱ्या तुम्हालाही. तुमच्या घरातही पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारं कुणीतरी असेल, रोज तेच काम करून येऊन "चोख आहे" म्हणणारं. आज त्यांच्यासोबत खाली उतरा. ते काय करतात ते बघा. जमलं तर, त्यांना न दुखावता, त्यांच्या पलंगाखालीही एकदा वाकून बघा, आणि काही लिहून ठेवलेलं सापडलं तर पहिली चिठ्ठी वाचून थांबू नका. दुसरीही वाचा.